बर्थाबायचा शुक्रवार

बर्था तुस्कानोला बहारीनला येऊन साडेतीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात तिला एकही शुक्रवार मिळाला नव्हता. आता कुणी म्हणेल, शुक्रवारात एवढं काय सोनं लागलंय? आखातात राहिलेल्या माणसाला विचारा. तिथं शुक्रवार हाच रविवार. ऑफिसं बंद, शाळा बंद, आणि मनामाच्या चर्चमध्ये वसईची, मुंबईची, गोव्याची माणसं मिस्साला जमणार. मिस्सा संपली की आवारात तासभर नुसत्या गप्पा. कुणाचं पत्र आलं, कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं. आठवड्यातून एवढा एक तास माणूस आपल्या भाषेत बोलतो. बाकी सहा दिवस यस मॅडम, नो मॅडम.

बर्था वसईतल्या गास गावची. नवरा डॉमनिक छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा पोरगी अँजेलिना दहा वर्षांची. तिला भावाकडे ठेवून बर्था पंचाहत्तरच्या शेवटी बहारीनला आली, जनाबियाच्या एका बंगल्यात आया म्हणून. बंगला इटालियन कुटुंबाचा. साहेब बंदराच्या कामावर इंजिनियर, मॅडम घरीच, आणि मांडीवर दीड वर्षाची ओर्सोला. कामावर घेताना साहेबांनी तोंडानं सांगितलं होतं, शुक्रवार तुझा. आणि पासपोर्ट ठेवला आपल्या कपाटात.

पहिल्याच शुक्रवारी जेवायला दहा पाहुणे. साहेबांना सुट्टी, म्हणजे घरी माणसं येणारच. मॅडम गोड हसून म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी नक्की. तो पुढचा शुक्रवार काही आला नाही. बर्था गुरुवारी रात्री चांगली साडी इस्त्री करून ठेवायची आणि शनिवारी सकाळी तशीच ट्रंकेत घालायची. साडी न नेसताच विरायला आली. बाई तोंडाची फटकळ, गावात बाजारकऱ्यांशी भांडून वांग्याला भाव घेणारी. पण परमुलुखात पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असला की भल्याभल्यांची बोबडी वळते. तिचा राग आतल्या आत शिजत राहिला.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये मॅडमनी सांगितलं की ईस्टरला सगळे इटलीला माहेरी जाणार, बर्थानंही यायचं, ओर्सोलाला सांभाळायला. माहेर कुठलं, तर लुक्का. हे नाव बर्थानं ऐकलं होतं. मनामाच्या हॉस्पिटलात आया असलेल्या टेरेसाकडून; ओर्सोलाला डोस द्यायला नेताना ओळख झालेली. टेरेसा वसईतल्याच नंदाखालची. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक चित्र होतं: गोरीपान, गुलाबी गालांची तरुणी, एप्रनमध्ये फुलं. संत झिता, सगळ्या मोलकरणींची कैवारी. सातशे वर्षांपूर्वी लुक्कातल्या एका श्रीमंताच्या घरी कामाला होती, आणि तिचा देह अजून तिथल्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे.

टेरेसाला फोनवर कळलं मात्र, बाई वेडीच झाली. झिताचा सण सत्तावीस एप्रिलला, आणि त्या वर्षी सत्तावीस तारीख होती शुक्रवारची. बर्थाचे मालक तिथं असणार अठ्ठावीसपर्यंत. वसईत सणाच्या दिवशी जपमाळ संताच्या मूर्तीला टेकवून आणायची पद्धत आहे. टेकवलेली माळ उशाशी असली की माणसाला धीर येतो. आठ दिवसांत टेरेसानं मनामातल्या आयांकडून एकोणीस जपमाळा गोळा केल्या आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधून बर्थाकडे पोचवल्या. शेजारच्या बंगल्यातली हैदराबादची हमीदा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, बाजी, ती बाईसुद्धा दुसऱ्यांची भांडीच घासायची ना? मग माझीही ने. आणि तिनं आपली तसबीह बर्थाच्या हातात ठेवली. अशा वीस माळा झाल्या.

बर्थानं निघायच्या आधीच मॅडमकडून कबूल करून घेतलं की सत्तावीसचा शुक्रवार तिचा. मॅडमना कौतुक वाटलं. म्हणाल्या, अगं, जरूर जा, झिता तर आमच्या गावची शान.

रोमला साहेबांनी सगळ्यांचे पासपोर्ट पुढे केले, तेव्हा तपासणारा बर्थाचं आडनाव वाचून हसला. तुस्कानो म्हणजे तुम्ही आमच्याच तोस्कानाच्या की, म्हणाला. लुक्का त्याच तोस्काना प्रांतात, म्हणून मॅडमही हसल्या, बर्था, तू तर घरी चाललीस. बर्थाच्या मनात आलं, घरी चाललेल्या बाईच्या काखेत दुसऱ्याचं पोर आणि हातात दोन बॅगा नसतात.

लुक्का तिला पाहताक्षणी आवडलं. सबंध गावाभोवती कोट, आपल्या वसईच्या किल्ल्यासारखा. फरक एवढाच की वसईच्या कोटात चर्चेसच्या नुसत्या भिंती उरल्यात आणि त्यात गवत माजलंय. इथं सगळी छपरं शाबूत, आत माणसं नांदती, आणि कोटावर झाडांची रांग. लोक त्यावरून सायकली हाकतात. पहिल्या दिवशी मॅडमनी हौसेनं गाव दाखवलं. एका मनोऱ्याच्या माथ्यावर चक्क झाडं उगवलेली, वरून म्हणे सगळं शहर दिसतं. मॅडम आणि साहेब वर गेले, बर्था खाली ओर्सोलाची ढकलगाडी धरून उभी. कथीड्रलमध्ये पोर रडू लागलं, म्हणून बर्था बाहेर. अशी लुक्कातली सगळी नावाजलेली ठिकाणं तिनं खालून आणि बाहेरून पाहिली.

तिचं खरं लुक्का दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. रोज सकाळी साडेसहाला तिला पाव आणायला धाडायचे. रस्त्यावर तेव्हा मालक कुणी नसायचे. गल्ल्या कसल्या, दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीनं अंग चोरायचं. वर खिडक्यांतून दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. कुणी पायऱ्या घासतेय, कुणी कोंबडी सोलतेय, एक म्हातारी कालव्यापाशी फडकी पिळतेय. भट्टीतून बडीशेपेच्या गोड पावाचा वास. मागच्या दारांचं हे गाव बर्थाला न सांगता कळत होतं. चार दिवसांत पावाच्या दुकानातल्या बाया तिला मान हलवू लागल्या. ती एकदा वाट बदलून गेली, दुसऱ्यांदा अजून एक गल्ली पुढे. असा एवढा मोठा परका मुलूख ती पावाच्या पिशवीसकट रोज वीत वीत आपलासा करत होती, आणि मॅडमच्या यादीत ह्यातलं एक ठिकाण नव्हतं.

शुक्रवार उजाडला. बर्थानं वीस माळा रुमालात बांधल्या. स्वयंपाकघरात मॅडम आल्या आणि म्हणाल्या, बर्था, आज दुपारी माझे काका जेवायला येतायत, चौदा माणसं आहेत. तू ओर्सोलाला दहा ते साडेबारा कोटावर फिरव, मग येऊन वाढायला लाग. चर्चचं पुढच्या वेळी बघू.

पुढच्या वेळी! जनाबियातला पुढचा शुक्रवार इथंही येऊन बसला. बर्थाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघालं तेच, यस मॅडम. पोराच्या गाडीत रुमाल खाली दडवला आणि ती बाहेर पडली. निळा युनिफॉर्म, पांढरा एप्रन, तशीच. कोपऱ्यावर डावीकडे कोटाचा चढ होता. ती उजवीकडे वळली.

आता गंमत ऐका. सांगितल्याप्रमाणे ती कोटावरून चालत गेली असती तर अर्ध्या तासात झिताच्या चर्चच्या पाठीशी उतरली असती. पण ते तिला कोण सांगणार? तिनं वसईचा हिशोब लावला: घंटाघर दिसलं की तिकडे चालायचं. वसईत हा हिशोब चुकत नाही, कारण एका गावाला एक चर्च. लुक्कात दर कोपऱ्याला एक. पहिलं दिसलं त्यात ती शिरली, आणि ते झिताचं नव्हतं. बरं, चुकलं तर उलट्या पावली निघायचं की नाही? छे. आपल्याकडची रीतच आहे, कधी न पाहिलेल्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की गुडघे टेकून तीन मागणी मागायची. ती सोडली तर पाप. बर्था टेकली. अँजेलिना मॅट्रिक पास होऊ दे, भावाची विहीर गोडी राहू दे, माझा डावा गुडघा थांबू दे.

दुसरं चर्चही चुकीचं. पुन्हा गुडघा. टेरेसाला पर्मनंट करू दे, हमीदाच्या नवऱ्याची दारू सुटू दे, ओर्सोलाचा खोकला जाऊ दे. गाडीतली ओर्सोला खुशीत होती. पाच वर्षांची पोर आईशी इटालियन बोलायची, पण बर्थाशी गासचं मराठी, त्यात बहारीनच्या अरबीची मीठमिरची. "यल्ला बर्थाबाय, अजून एक देऊळ," म्हणाली.

तिसऱ्या चर्चमध्ये मागायला काही सुचेना. गावचं रॉकेल वेळेवर मिळू दे, झालं. मॅडमच्या आईची कवळी नीट बसू दे, झालं. तिसरं काय? बर्था डोळे मिटून बसली आणि आतून आपसूक आलं, देवा, मला माझा शुक्रवार दे.

ते ऐकून तिचा तिलाच संताप आला. शुक्रवार तिला कबूल झाला होता. साहेबांनी आपल्या तोंडानं दिला होता. साडेतीन वर्षं माणसानं आपल्याच ताटातलं देवाकडे मागायचं? ती उठली आणि वेदीकडे बघत ठणकावून म्हणाली, "देवा, हे मागणं मी मागं घेते. हे माझं मी बघते." ओर्सोलानं विचारलं, कुणाला ओरडतेस? बर्था म्हणाली, स्वतःला.

बाहेर येऊन ती एका गोल चौकात शिरली. सगळी घरं वाटोळी उभी, चारी बाजूंना सारख्याच कमानी. ती दोनदा फिरून पहिल्याच कमानीपाशी आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, कारण झिताचं चर्च तिथून हाकेच्या अंतरावर होतं. घड्याळात पाऊण वाजून गेला होता. एवढ्यात कमानीतून एक जाडजूड बाई आली, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ, कोपरापर्यंत पीठ आणि अंगावर एप्रन. तिनं बर्थाचा एप्रन पाहिला, फुलं उंचावली आणि म्हणाली, झिता? बर्थानं मान डोलावली. पुढचं बोलणं ओर्सोलामार्फत. बाई एका वकिलाच्या घरी स्वयंपाकीण होती. आज काम कोण करतंय विचारल्यावर ओर्सोला ऐकून सांगू लागली, हिची मॅडम म्हणते, झिताच्या दिवशी मी माझी कॉफी माझी करेन.

चर्चसमोरचा चौक फुलांनी भरून गेला होता. आत रांग. रांगेत शाली पांघरलेल्या म्हाताऱ्या, हात खरबरीत झालेल्या बाया. बर्थाचा नंबर आला आणि तिनं काचेत वाकून पाहिलं. टेरेसाच्या चित्रातली गोरी पोर तिथं नव्हतीच. फुलांच्या मुकुटाखाली एक एवढीशी बाई निजली होती, काळीसावळी, सुकलेली, हाडं वर आलेली, बोटं कामानं झिजल्यासारखी. शेतावर उन्हात राबून गेलेली गासची एखादी म्हातारी असावी, तशी. अगं बाई, ही तर आपल्यातलीच, असं ती मोठ्यानं बोलून गेली. मग एकेक माळ काढून काचेला टेकवू लागली, चिठ्ठीवरचं नाव वाचत. मागच्यांची चुळबुळ सुरू झाली तेव्हा स्वयंपाकीण कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली. हमीदाची तसबीह सगळ्यांत शेवटी टेकवली, तिचंही नाव घेऊन.

बाहेर पायरीवर बसून स्वयंपाकिणीनं गोड पाव मोडला आणि झिताची गोष्ट सांगितली. बाई एकाच घरात किती वर्षं राबली, तर तो आकडा ओर्सोलाला मराठीत येईना. तिनं चारदा दहा बोटं दाखवली आणि मग आठ. अठ्ठेचाळीस! मग पुढची गोष्ट. एकदा पाव भाजायच्या दिवशी झिता पीठ मळायचं टाकून चर्चला गेली आणि प्रार्थनेत रमली. घरी परतली तर पाव तयार, ओळीनं मांडलेले. देवदूत येऊन करून गेले होते. बर्थानं ओर्सोलाला एकच विचारायला सांगितलं. जाताना तिनं मालकिणीची परवानगी घेतली होती का? स्वयंपाकीण पोटभर हसली. म्हणाली, परवानगी घेतली असती तर गोष्ट कशाला झाली असती?

घरी पोचायला अडीच झाले. चौदा माणसं टेबलाशी होती, आणि मॅडमनी स्वतः वाढलं होतं. सगळ्यांसमोर, इंग्रजीत, त्यांनी बर्थाला फाडून खाल्लं. पोर दोन तास बेपत्ता, लाज वाटत नाही? आता बर्थानंही मनातल्या मनात कबूल केलं की पोराच्या आईचा जीव टांगणीला लागला, ते वाईट झालं. तसं ती म्हणालीही, ओर्सोलाबद्दल माफ करा. पण मॅडम तिथं थांबल्या नाहीत. भिंतीवरच्या झिताच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ही बघ, अठ्ठेचाळीस वर्षं एका घरात राहिली, कधी मालकांचा शब्द मोडला नाही, म्हणून संत झाली. काही शीक हिच्याकडून.

बर्थानं एप्रनला हात पुसले. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही.

"मॅडम, ती पीठ टाकून चर्चला गेली होती, न विचारता. तिच्या मालकाकडे देवदूत आले. तुमच्याकडे फक्त मी आहे, म्हणून परत आले. पण मला संत नाही व्हायचं. मला माझा शुक्रवार पाहिजे."

म्हातारे काका तेवढे रुमाल तोंडाला लावून खोकले. बर्था आत जाऊन भांडी घासू लागली.

बहारीनला परत आल्यावर पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी तिला हॉलमध्ये बोलावलं. कपाट उघडून पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. शांतपणे म्हणाले, आमच्या घराला आमची पद्धत आहे. राहायचं तर शुक्रवारचा विषय खलास. नाहीतर हा घे, रविवारचं मुंबईचं तिकीट देतो. मॅडम खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या.

बर्थाच्या डोळ्यांपुढं अँजेलिनाची फी आली. भावाची बायको काय म्हणेल ते आलं. गावात लोक म्हणतील, दुभत्या गाईला लाथ मारून आली. भीती वाटली, खोटं कशाला बोला. तिनं पासपोर्ट उचलला. साडेतीन वर्षांनी तिच्या हातात आला तो. आतला फोटो उघडून पाहिला, मिटला आणि थँक्यू सर म्हणून ती खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरलेली चांगली साडी नेसून, वीस माळा घेऊन ती बसनं मनामाला गेली. मिस्सा झाल्यावर आवारात एकेकीचं नाव घेऊन माळ हातात देत होती. हमीदासुद्धा फाटकाबाहेर येऊन थांबली होती. बायांना सगळं सांगितलं. झिता गोरी नाही, आपल्यासारखी आहे, हे ऐकून टेरेसा रडली. नोकरी गेली हे ऐकून कुणी हॉस्पिटलात विचारते म्हणाली, कुणी आपल्या मॅडमच्या मैत्रिणीकडे.

तेवढ्यात फाटकाशी साहेबांची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर वली उतरला, केरळचा, मोठा सज्जन माणूस. बर्थापाशी येऊन खाली बघत हिंदीत म्हणाला, मॅडमनी पाठवलंय. अकरा पाहुणे आलेत, ओर्सोला सकाळपासून दार लावून बसलीय, साहेबांनी करपवलेली कॉफी कुणी पीत नाही. मॅडम म्हणतात, शुक्रवार तुझा, साहेबांनीही मान्य केलंय. आजपासून पक्का. फक्त आत्ता गाडीत बस.

एकोणीस बाया बर्थाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. टेरेसानं तिचा दंड दाबला, जा म्हणून. बर्थानं पिशवीतून शेवटची माळ काढली, चिठ्ठीवरचं नाव वाचलं, जिची होती तिला दिली. मग वलीकडे वळली.

"मॅडमना सांग, आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी सहाला येईन."